फायटरच्या कॉकपिटपासून अवकाशापर्यंत: हवाई दलातून गगनयात्री होण्याची वाट

बारावीतली मुलं आणि त्यांचे पालक पहिला प्रश्न विचारतात तो हा: अंतराळवीर व्हायला कुठला फॉर्म भरायचा? असा फॉर्म नाही. गगनयान या भारताच्या समानव अवकाश मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तिरुवनंतपुरमला जाहीर झाली: प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. या चौघांनी भरलेला पहिला फॉर्म होता राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे एनडीएचा. मग हवाई दलात कमिशन म्हणजे अधिकारीपद, स्क्वाड्रनमधली म्हणजे विमानांच्या तुकडीतली वर्षं, मग टेस्ट पायलट म्हणजे विमानांची चाचणी घेणारा वैमानिक, आणि त्यानंतर अंतराळवीरांची निवड.

किती वर्षं लागतात ते आधीच समजून घ्या. शुक्ला २००५ मध्ये एनडीएतून बाहेर पडले, जून २००६ मध्ये त्यांना कमिशन मिळालं आणि २५ जून २०२५ रोजी ते अ‍ॅक्सिअम-४ या खासगी अंतराळ-स्थानक मोहिमेतून अवकाशात गेले. तेव्हा त्यांचं वय ३९ होतं. म्हणजे एनडीएतून निघाल्यावर वीस वर्षं. त्यामुळे सतराव्या वर्षी रॉकेटचा विचार बाजूला ठेवून पुढच्या एकाच पायरीची तयारी करायची असते. खाली त्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

आत शिरायची दारं

पहिलं दार एनडीएचं. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. बारावीची परीक्षा द्यायच्या वर्षीही अर्ज चालतो. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. गणित ३०० गुणांचं, १२० प्रश्न, अडीच तास. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, १५० प्रश्न, तेवढाच वेळ. चुकलेल्या उत्तराचे एक तृतीयांश गुण कापले जातात. ९०० गुण लेखीला आणि ९०० मुलाखतीच्या फेरीला, म्हणजे अर्धा निकाल परीक्षेच्या हॉलबाहेर ठरतो. मुलींनाही आता हे दार उघडं आहे. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली.

गणितात बहुतेकांची चूक एकच असते. बोर्डाच्या सवयीने ते प्रत्येक उदाहरण पायऱ्यांसकट सोडवत बसतात. इथे एका प्रश्नाला सव्वा मिनिट मिळतं. उत्तराच्या पर्यायांवरून मागे येणं, एकक तपासून पर्याय उडवणं याचा सराव अकरावीतच सुरू करा. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही सरकारी संस्था दहावीनंतर मुलांची याच परीक्षेसाठी तयारी करून घेते, आणि मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे. साताऱ्याची सैनिक शाळा सहावीपासूनच त्या वळणावर नेते. पण घरी बसून अभ्यास केलेली मुलंही दरवर्षी निवडली जातात.

एनडीए हुकली तर पदवीनंतर सीडीएस (यूपीएससीची संरक्षण सेवा परीक्षा) किंवा एएफकॅट (हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा) आहे. उड्डाण शाखेसाठी वय साधारण २० ते २४. पदवी कोणतीही असो, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असावंच लागतं. एनसीसीच्या एअर विंगचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर त्या मार्गानेही थेट मुलाखतीपर्यंत जाता येतं. गगनयात्री होण्याचा विचार असेल तर एनडीएचा एक स्पष्ट फायदा आहे: तिथून गेलात तर एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हातात विमान असतं, आणि पुढे टेस्ट पायलट होण्यासाठी वर्षं शिल्लक राहतात.

क्लास लावण्याआधी टेप घ्या

हे काम फुकटात होतं, आणि तेच सगळ्यात उशिरा केलं जातं. वैमानिकासाठी उंची किमान १६२.५ सेंमी. बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंमी. पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी. मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंमी.

मोजायची रीत अशी. भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून सपाट स्टुलावर ताठ बसा. स्टुलापासून टाळूपर्यंतचं अंतर ही बैठी उंची. गुडघा काटकोनात ठेवून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत ही मांडी. पाय सरळ समोर ताणून भिंतीपासून टाचेपर्यंत ही पायाची लांबी. मोजताना कुल्ले भिंतीपासून दोन बोटं जरी पुढे सरकले तरी मांडीचं माप चुकतं, म्हणून दुसऱ्या माणसाकडून तीनदा मोजून घ्या.

मांडीवर एवढा कटाक्ष का? इजेक्शन सीट रॉकेटच्या जोरावर वैमानिकाला कॉकपिटमधून सरळ वर फेकते. गुडघे पॅनेलच्या कडेच्या पुढे येत असतील तर ते त्या कडेवर आदळतात. हे माप व्यायामाने बदलत नाही. मांडी ६६ सेंमी भरली तर वैमानिक होण्याचा हट्ट सोडून हवाई दलाच्या तांत्रिक शाखेचा विचार वेळेत करता येतो, आणि दोन वर्षांचा क्लास वाचतो.

डोळे दुसरे. दहावीतच नेत्रतज्ज्ञाकडून बाहुल्या मोठ्या करून तपासणी करून घ्या. उणे नंबर (लांबचं धूसर दिसणं) असेल तर एनडीएतून उड्डाण शाखा मिळणं जवळपास अशक्य आहे, आणि लासिक, म्हणजे लेसरने नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया, करून एनडीएला जाता येत नाही. पदवीनंतरच्या प्रवेशाला लासिक काही अटींवर चालतं. शस्त्रक्रिया विसाव्या वर्षानंतर झालेली हवी आणि त्यानंतर किमान वर्ष उलटलेलं हवं. म्हणून सतराव्या वर्षी घाईने लासिक करू नका. तसं केलं तर दोन्ही दारं बंद होतात.

दातांकडे कुणी लक्ष देत नाही. दातात नीट न भरलेली पोकळी असेल तर तिथे हवा अडकते. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते आणि अचानक जबर कळ येते. प्रक्षेपणाच्या वेळी कंपनं असतात, आणि कक्षेत दंतवैद्य नसतो. अंतराळवीरांच्या निवडीत दात फार बारकाईने पाहतात ते यामुळे. सहा महिन्यांनी एकदा दंतवैद्याकडे जाणं हा या वाटेवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मुलाखतीचे पाच दिवस आणि एकदाच मिळणारी संधी

हवाई दलाच्या निवड मंडळात पहिल्या दिवशी चाळणी होते. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या असतात: १५ सेकंदांना एक अशा ६० शब्दांवर वाक्यं, अर्ध्या तासात ६० प्रसंग, चित्रांवरून गोष्टी. नंतर मैदानावरची गटकार्यं आणि वैयक्तिक मुलाखत. पाठ केलेली उत्तरं इथे उघडी पडतात, कारण लेखी चाचणीतला माणूस आणि मैदानावरचा माणूस एकच आहे का, हे तीन वेगवेगळे अधिकारी स्वतंत्रपणे पाहतात.

वैमानिकांसाठी आणखी एक पायरी आहे, सीपीएसएस, म्हणजे वैमानिक निवडण्याची संगणकीकृत चाचणी. उपकरणं वाचण्याची लेखी चाचणी आणि मग संगणकावर हात, पाय आणि डोळे एकाच वेळी चालवण्याची. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर उड्डाण शाखेसाठी पुन्हा बसता येत नाही. म्हणून अल्टिमीटर, कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांच्या तबकड्या वाचून ‘विमान उजवीकडे वळत खाली चाललंय’ असं चटकन सांगता येईपर्यंत सराव करूनच जा. आणि आदल्या रात्री पूर्ण झोप घ्या. जागरणाने हाताचा आणि डोळ्याचा मेळ बिघडतो, हे अगदी साधं कारण अनेकांना महागात पडतं.

दुंडीगल आणि पुढे

हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत पिलाटस पीसी-७ वर उड्डाण सुरू होतं. मग कुवतीप्रमाणे फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशा शाखा फुटतात. फायटरवाले पुढे हकिमपेठला किरण आणि बिदरला हॉक या जेट विमानांवर जातात. गगनयानच्या चौघांच्याही लॉगबुकात सुखोई-३०, मिग-२१, मिग-२९ अशी विमानं आहेत, म्हणून जमेल तर फायटर घ्या. पण हेलिकॉप्टर मिळालं म्हणून वाट संपली असं मानू नका. सुनीता विल्यम्स अमेरिकी नौदलात हेलिकॉप्टर वैमानिक होत्या, टेस्ट पायलट झाल्या आणि २०२४ मध्ये स्टारलायनरच्या पहिल्या समानव चाचणी उड्डाणात होत्या.

स्क्वाड्रनमधल्या वर्षांत तास तर जमवायचेच. शुक्ला यांच्या नावावर निवडीपर्यंत सुमारे २,००० तास होते. पण तासांइतकीच महत्त्वाची एक सवय इथे लागते किंवा सुटते, आणि ती म्हणजे उतरल्यावर जे घडलं ते जसंच्या तसं सांगणं. वेग पाच नॉटने जास्त होता तर तो जास्तच होता. डीब्रीफमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, स्वतःची चूक गुळगुळीत करून सांगणारा वैमानिक तिथे कदाचित निभावून जातो, टेस्ट पायलटच्या शाळेत त्याचा निभाव लागत नाही.

जी-बल जवळून

फायटर वैमानिकाचं शरीर अवकाशासाठी आधीच थोडं तयार असतं ते जी-बलामुळे. १ जी म्हणजे जमिनीवरचं नेहमीचं वजन, ५ जी म्हणजे त्याच्या पाचपट. मेंदू हृदयाच्या साधारण ३० सेंमी वर असतो. तेवढ्या उंचीवर रक्त चढवण्यात प्रत्येक १ जी मागे पाऱ्याच्या सुमारे २२ मिलिमीटर इतका दाब खर्च होतो. ५ जीच्या वळणात ११० मिलिमीटर गेले. हृदयाशी दाब १२० असेल तर डोक्यापर्यंत जेमतेम १० उरतात. डोळ्याच्या गोळ्याचा स्वतःचा दाब त्याहून जास्त असल्यामुळे रक्त आधी डोळ्यात पोचेनासं होतं. आधी कडा धूसर होतात, मग नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, मग काळोख. शुद्ध त्यानंतर जाते. डोळा हा असा आधी इशारा देतो, पण जी झपाट्याने चढला तर हा इशारा न मिळताच माणूस बेशुद्ध होतो.

उपाय म्हणजे ताण देण्याची क्रिया, आणि ती अशी असते. जी चढण्याच्या आधी पोटऱ्या, मांड्या, कुल्ले आणि पोट आवळायचं. फुप्फुसं बहुतेक भरतील एवढा श्वास घ्यायचा. घसा बंद करून, ‘हुक’ म्हणताना शेवटचा ‘क’ अडकतो तसा, छातीवर जोर द्यायचा. दर तीन सेकंदांनी थोडीच हवा सोडून लगेच परत घ्यायची, आणि हे सगळं सेकंदाच्या आत. पाय मात्र ढिले सोडायचे नाहीत.

बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. जी चढल्यावर ताण सुरू केला की उशीर झालेला असतो. श्वास पूर्ण सोडला की छातीतला दाब एकदम पडतो. रेडिओवर बोलताना घसा उघडतो. आणि पाणी कमी प्यायलं असेल तर तेच वळण आदल्या दिवशी सहज जमलं होतं आणि आज जमत नाही. जी-सूटची, म्हणजे पाय आणि पोट हवेने आवळणाऱ्या पोशाखाची, मदत साधारण १ ते दीड जीपुरती असते, बाकी सगळं स्नायूंवर. हा सराव प्रशिक्षकाशिवाय घरी करू नका, रक्तदाब क्षणात खूप चढतो.

अवकाशयानात गणित बदलतं. तिथे माणूस पाठीवर निजलेला असतो, जी छातीकडून पाठीकडे लागतो, म्हणून रक्त डोक्यातून उतरत नाही. त्रास होतो तो श्वासाचा. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं आणि बरगड्या उचलत नाहीत. सोयूझ यान नेहमीच्या मार्गाऐवजी सरळ कोसळत परतलं तर ८ ते ९ जी लागतो. तेव्हा छाती ताठ धरून पोटाने छोटे-छोटे श्वास घ्यायचे. फायटरच्या सवयीने घसा बंद करून ताण देत राहिलात तर उलट दमछाक होते. म्हणून अनुभवी वैमानिकांनाही सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे माणसाला गरगर फिरवून जी लावणाऱ्या यंत्रात, ही सवय नव्याने लावावी लागते.

टेस्ट पायलट: इथेच वाट वळते

बंगळुरूच्या एएसटीई या संस्थेत हवाई दलाची टेस्ट पायलट शाळा आहे. अभ्यासक्रम जवळपास वर्षभराचा. प्रवेशासाठी उड्डाणाचा भरीव अनुभव लागतो, वरिष्ठांची शिफारस लागते आणि गणित-वायुगतिकीची पक्की तयारी लागते. बारावीनंतर कॅल्क्युलस सोडून दिलेल्यांना पहिले महिने फार जड जातात. स्क्वाड्रनमध्ये असतानाच ते पुन्हा उघडा.

अवकाश मोहिमांना टेस्ट पायलटच का हवेत? १९५९ मध्ये अमेरिकेने पहिले सात अंतराळवीर निवडले तेव्हाही लष्करी टेस्ट पायलट ही अट होती. नव्या यानाचं वागणं पुस्तकात पूर्ण लिहिलेलं नसतं. ते पहिल्यांदा उडवणाऱ्याला ते पाहून, मोजून, खाली बसलेल्या अभियंत्याला कळेल अशा शब्दांत सांगावं लागतं. हे काम कसं दिसतं ते एका साध्या चाचणीत पाहा.

समजा, विमानाचा स्टॉल, म्हणजे वेग फार कमी झाल्यावर पंखांची उचल सुटणं, तपासायचा आहे. मांडीवर बांधलेल्या कार्डावर आधीच लिहिलेलं असतं: उंची, इंधन, फ्लॅप आणि चाकांची स्थिती, ट्रिमचा वेग. वेग सेकंदाला एक नॉट या दराने उतरवायचा. पहिली थरथर कोणत्या वेगाला आली, नाक कधी पडलं, कोणता पंख किती अंश कलला, सावरेपर्यंत किती फूट उंची गेली, हे सगळं टिपायचं. ‘विमान जरा डावीकडे पडलं’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘डावा पंख २० अंश कलला, सावरायला ८०० फूट गेले’ यावरून अभियंता काही करू शकतो. आणि वेग सेकंदाला एकऐवजी तीन नॉटने उतरवला असेल तर आकडे कितीही सुबक दिसोत, तो पॉइंट पुन्हा उडवावा लागतो.

हाताळणीला गुण देण्यासाठी कूपर-हार्पर श्रेणी असते, १ सर्वोत्तम आणि १० म्हणजे ताबाच राहत नाही. नवखे थेट आकडा सांगतात. रीत वेगळी आहे. आधी स्वतःला विचारायचं, विमान ताब्यात होतं का? मग, सोसवेल इतक्या कष्टांत पुरेशी अचूकता मिळाली का? मग, सुधारणा न करता चालेल का? या तीन उत्तरांवरून आधी आकड्यांचा गट ठरतो, मग त्यातला आकडा. आवडलं-नावडलं याला तिथे जागा नाही.

संध्याकाळी याचा अहवाल लिहायचा असतो. उड्डाण तासाभराचं आणि लिखाण कितीतरी तासांचं, हे प्रमाण वर्षभर टिकतं. हेच शिक्षण पुढे कक्षेत कामी येतं. शुक्ला यांनी अंतराळ स्थानकात इस्रोचे सात प्रयोग हाताळले, त्यात मूग-मेथीला मोड आणण्यापासून सूक्ष्म शैवाल आणि टार्डिग्रेड जीवांपर्यंतचे विषय होते. प्रयोग शास्त्रज्ञाचा, हात वैमानिकाचे. पृथ्वीवर बसलेल्या शास्त्रज्ञाला त्याच्या शब्दांवर विसंबावं लागतं.

या टप्प्यावर अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवता आली तर जरूर मिळवा. शुक्ला यांनी बंगळुरूच्या आयआयएससीतून एरोस्पेसमध्ये एम.टेक. केलं आहे.

निवड, रशिया आणि वाट पाहणं

पहिल्या चौघांची निवड बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत, म्हणजे आयएएममध्ये झाली. सेंट्रिफ्यूज, कमी दाबाचा कक्ष, दिशाभ्रमाची यंत्रं, हृदय-डोळे-मणक्यांच्या सखोल तपासण्या आणि मानसशास्त्रीय मुलाखती. कमी दाबाच्या कक्षात २५,००० फुटांवर मास्क काढला तर शुद्धीत काम करायला साधारण तीन ते पाच मिनिटं मिळतात. त्या वेळात स्वतःची लक्षणं ओळखायची असतात. कुणाची बोटं मुंगावतात, कुणाला उगाच आनंद वाटतो, कुणाला साधी वजाबाकी जमत नाही. प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो आणि बहुधा आयुष्यभर तोच राहतो. ‘मला काहीच झालं नाही’ असं सांगणाऱ्याला प्राणवायू कमी पडल्याचं कळलेलंच नसतं, आणि तोच धोक्यात असतो.

दुखणं लपवू नका. निवडीतल्या तपासण्या इतक्या खोल जातात की जुनी पाठदुखी सापडतेच, आणि लपवलेली सापडली की विश्वासही जातो.

फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ हे चौघे मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात होते. रशियन भाषा, यानाच्या प्रणाली, सेंट्रिफ्यूज, परवलयाकार उड्डाणात एका वेळी २५ सेकंदांच्या आसपास भारहीनता. आणि चुकीच्या जागी उतरल्यास तगून राहण्याचं शिक्षण: बर्फाळ रान, पाणी, गवताळ मैदान. बर्फात पहिली चूक घामाची होते. जोमाने लाकडं तोडायची, आतले कपडे ओले करायचे आणि मग रात्री गारठायचं. सावकाश काम करा, थर आधीच उतरवा. परतल्यावर बंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रात गगनयानाच्या प्रणाली. त्यात एकट्या कुपीला, म्हणजे अंतराळवीर बसतात त्या भागाला, १० पॅराशूट आहेत, आणि कोणतं कधी उघडलं पाहिजे हे तोंडपाठ हवं.

नंतर येतं वाट पाहणं. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले, त्यांच्याइतकीच तयारी केलेले रवीश मल्होत्रा राखीव राहिले आणि कधीच गेले नाहीत. अ‍ॅक्सिअम-४ ला नायर राखीव होते. त्या मोहिमेचं प्रक्षेपण अनेकदा पुढे गेलं, एकदा रॉकेटमधल्या द्रवरूप प्राणवायूच्या गळतीमुळे, आणि चमूने जवळपास महिना विलगीकरणात काढला. राखीव अंतराळवीराने दररोज उद्याच जायचंय अशी तयारी ठेवायची असते. या वाटेवरचं सर्वांत कठीण काम हेच आहे, आणि त्याची तयारी आधीपासून, घरच्यांना बरोबर घेऊन करायला हवी.

वर आणि परत

कक्षेतले पहिले दोन-तीन दिवस दर तिघांतल्या दोघांना मळमळतं. फायटर वैमानिकही सुटत नाहीत. डोकं हळू फिरवा, वर-खाली कोणतं ते ठरवून सगळ्यांनी एकाच दिशेने तोंड ठेवा, अन्न थोडं-थोडं घ्या. रक्त वर सरकल्याने चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पाठ ताणली जाऊन उंची वाढते आणि कंबर दुखते. लांब मुक्कामात वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते दीड टक्का घटते, म्हणून स्थानकावर रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम ठरलेला असतो.

परतीच्या आधी मीठ आणि भरपूर पाणी घेतात. कक्षेत शरीराने रक्तातलं पाणी कमी केलेलं असतं, आणि उतरून उभं राहिलं की तेच रक्त पायांत साचून भोवळ येते. यान थांबल्यावर मदतीला माणूस येईपर्यंत स्वतःहून झटक्यात उठायचं नाही, मान वाकवून काही उचलायचं नाही. आतल्या कानाला वजन पुन्हा ओळखायला काही दिवस लागतात. बंद डोळ्यांनी एका रेषेत चालणं, एका पायावर तोल धरणं अशा चाचण्या त्या दिवसांत रोज होतात. वैद्यकीय मंडळाने पुन्हा तंदुरुस्त ठरवलं की मगच कॉकपिटमध्ये बसायला मिळतं.